पिवळ्या पंखांचे पतंग (यूके) – ही एकच जात आहे का पाच? फोटो ओळखायला मदत हवीय

अर्धाकप_चहा
मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाका. आम्ही लेस्टरला राहतो, मागे छोटी बाग आणि कुंपणापलीकडे गवताचं मोकळं मैदान. ऑगस्ट लागला की रात्री किचनची खिडकी चुकून उघडी राहिली तर हे धटिंगण पतंग आत घुसतात, दिव्यावर धडाधड आपटतात आणि मग पडद्यामागे जाऊन बसतात. बसले की नुसते तपकिरी, उडाले की मागचे पंख पिवळेधम्मक. लेकीला सुट्टीत याचाच नाद लागलाय, डबीत पकडते, फोटो काढते आणि सोडून देते.

आता प्रॉब्लेम असा की पाच फोटो आहेत आणि पाचही वेगळे दिसतायत.
फोटो १ – फिकट बदामी, सपाट, नक्षी जवळपास नाहीच.
फोटो २ – काळपट, त्यावर एक फिकट ठिपका.
फोटो ३ – लालसर तपकिरी.
फोटो ४ – करडा, भरपूर नक्षी, खांद्यापाशी फिकट पट्टा.
फोटो ५ – हा जरा लहान आणि रुंद वाटतो, मातकट.
ॲपला दाखवले तर त्याने तीन वेगळी नावं दिली, त्यातलं एक नाव तर दुसऱ्या दिवशी त्याच फोटोला बदललं. कोणाला कळतं का यातलं?

टेकडीवरचा_वारा
मस्त फोटो ताई. माझा अभ्यास पुण्याच्या टेकड्यांपुरता आहे त्यामुळे जात नाही सांगता येणार, पण ठेवण बघून नॉक्टुइडे कुटुंबातले नक्की. इथे एक दिवाबत्ती म्हणून आयडी आहे, ते केंटमध्ये असतात आणि बागेत लाइट ट्रॅप (दिव्याकडे येणारे पतंग पकडायची पेटी) लावतात. त्यांची वाट बघा.

साबुदाणा
वाचनखूण साठवली. आमच्या बाथरूममध्ये पण असलेच येतात, मी सरळ लाइट बंद करून पळते.

दिवाबत्ती
हाक ऐकली :)

आधी उत्तर देतो, मग कारणं. १ ते ४ एकच जात आहे, लार्ज यलो अंडरविंग, शास्त्रीय नाव नॉक्चुआ प्रोनुबा. ५ वेगळा, त्याच्याकडे नंतर येतो.

या पतंगात पुढच्या पंखाचा रंग फिकट गवती रंगापासून जवळजवळ काळ्यापर्यंत काहीही असू शकतो, मधल्या सगळ्या छटा मिळतात, नक्षी ठसठशीत असते किंवा पुसल्यासारखी असते. सपाट, नक्षी नसलेल्या प्रकाराला जुन्या लोकांनी इनुबा असं वेगळं नाव देऊन ठेवलंय, तुमचा फोटो १ साधारण त्यातला. त्यामुळे रंग बघून जात ठरवायला गेलात की फसलात, आणि ॲप नेमकं तेच करत असावं.

मग बघायचं काय? पंख मिटलेले असताना बाहेरच्या बाजूला येते ती पंखाची पुढची कड. त्या कडेवरून टोकाकडे जात राहा. टोकाला पोचायच्या जरा अलीकडे एक छोटा काळाकुट्ट डाग लागेल, बऱ्याचदा दोन तुकड्यांत. १, ३ आणि ४ मध्ये लगेच दिसतो. २ मध्ये पंखच काळपट आहे म्हणून झूम करावं लागतं पण आहे. रंग कितीही बदलला तरी हा डाग सहसा जागा सोडत नाही.

दुसरं म्हणजे बसण्याची ढब. प्रोनुबा पंख एकावर एक चढवून बसतो, अंग लांब आणि अरुंद दिसतं, दोन्ही बाजू जवळपास समांतर. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत साधारण ५ ते ६ सेंमी. तुमच्या लेकीने फोटो ३ मध्ये शेजारी नाणं ठेवलंय ते फार शहाणपणाचं काम केलंय, तिला शाबासकी सांगा.

तिसरी आणि सगळ्यात भरवशाची खूण मागच्या पंखावर असते, पण ती बसलेल्या पतंगात झाकलेली असते. प्रोनुबाचा मागचा पंख पिवळा-नारिंगी, कडेने एक बारीक काळा पट्टा, आणि मध्ये काहीही नाही, अगदी कोरा.

राईनकाठी
दिवाबत्तींशी १ ते ४ बाबत सहमत. आमच्याकडे कोलोनला पण हाच पतंग सगळ्यात जास्त, जर्मनीत हाउसमुटर म्हणतात, तोही घरातच घुसत असतो. पण ५ बाबत मला शंका आहे. आकार लहान, नॉक्चुआ कोमेस म्हणजे लेसर यलो अंडरविंग असेल किंवा नॉक्चुआ ऑर्बोना म्हणजे ल्युनर. दोन्ही सारख्याच मापाचे, चार-साडेचार सेंमीच्या आसपास, आणि दोन्हींच्या मागच्या पंखावर मधोमध काळी चंद्रकोर असते. त्यामुळे ‘चंद्रकोर दिसली म्हणजे कोमेस’ एवढं सोपं नाही. मला तर हा ऑर्बोना वाटतोय.

अर्धाकप_चहा
बापरे, एवढं सविस्तर! दोघांचेही आभार. तो काळा डाग दिसला, लेक नाचतेय. पण मला एक कळलं नाही, एकाच जातीत एवढे रंग कशाला? नर-मादी असा फरक आहे का?

दिवाबत्ती
काही अंशी. नर सहसा गडद आणि जास्त नक्षीदार, मादी फिकट आणि सपाट. पण ‘सहसा’ या शब्दावर भर द्या, कारण मधल्या छटा दोन्हीकडे असतात आणि रंगावरून नर-मादी सांगणारे लोक बरेचदा ठोकून देतात. खात्री करायची तर मागच्या पंखाच्या मुळाशी बघावं लागतं. तिथून एक काटा निघतो आणि पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूच्या आकड्यात अडकतो, म्हणजे उडताना दोन्ही पंख एकत्र हलतात. नरात हा काटा एकच आणि जाडसर, मादीत बारीक काट्यांचा झुपका. भिंग लागतं आणि पतंगाला धरावं लागतं, त्यामुळे लेकीला नका सांगू.

टेकडीवरचा_वारा
रंगांबद्दल माझे दोन पैसे. छटा आनुवंशिक असतात, एकाच मादीच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रंगांची भावंडं निघू शकतात. आणि हा पतंग दिवसा पाचोळा, गवताचं बूड, माती अशा कुठेही दडून बसतो, तेव्हा एकच रंग सगळीकडे खपणार नाही. शिवाय पक्षी एकदा एक प्रकार शोधायला शिकले की तसेच टिपत सुटतात, सगळे वेगवेगळे दिसले तर त्यांना ते शिकणं अवघड जातं, असं अभ्यासक मानतात.

पिवळ्या पंखाची गंमत वेगळीच आहे. गवतात पाय पडला की हा भर्रकन उठतो, पिवळा रंग चमकतो, पक्ष्याची नजर त्या पिवळ्यावर खिळते. तेवढ्यात हा खाली पडल्यासारखा उतरतो, पंख मिटतो, पिवळं गायब. पक्षी पिवळं शोधत बसतो आणि हा दोन पावलांवर तपकिरी होऊन बसलेला असतो. कधीकधी उतरल्यावर गवतातून पायांनी तुरुतुरु पळतो सुद्धा.

मोसंबीवाला_जालना
धागा युरोपचा आहे पण राहवलं नाही. असंच ध्यान आमच्या मोसंबीच्या बागेत येतं, पुढचा पंख वाळक्या पानासारखा आणि मागचा नारिंगी. फळाला भोक पाडून रस पितो, तिथून फळ सडतं आणि गळतं. संध्याकाळी धूर करून थकलो. तो हाच का?

टेकडीवरचा_वारा
@मोसंबीवाला, नाही दादा, तुमचा तो रस शोषणारा पतंग, युडोसिमा. कुटुंबच वेगळं, एरेबिडे. त्याची सोंड टोकाला कडक आणि काटेरी असते म्हणून तो फळाची साल भेदू शकतो. प्रोनुबाला ते जमत नाही, तो फुलांतला मध पितो. तुमच्या पतंगाच्या अळ्या मोसंबीवर नसतात, बांधावरच्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, तिथे बघा.

आणि ओळखायची तऱ्हा तिथेही तीच बरं का. मागच्या नारिंगी पंखाच्या मध्ये काळा गोल ठिपका असेल तर युडोसिमा मॅटर्ना, वाकडा जाड स्वल्पविरामासारखा डाग असेल तर युडोसिमा फॅलोनिया, ज्याला जुन्या पुस्तकांत फुलोनिया म्हणायचे. पुढचे पंख तिथेही नर-मादीत वेगळे असतात आणि घोळ घालतात.

मोसंबीवाला_जालना
वासनवेल भरपूर आहे बांधाला. काढायला लावतो. धन्यवाद. (गुळवेल काढायला आई देणार नाही.)

टवाळ_कार्टं
पॉपकॉर्न घेऊन बसलोय, फोटो ५ चा निकाल लागू द्या आधी.

दिवाबत्ती
घ्या, निकाल. @राईनकाठी, ऑर्बोना का नाही ते सांगतो.

ऑर्बोनाला पुढच्या पंखाच्या टोकापाशी प्रोनुबासारखाच छोटा स्पष्ट काळा डाग असतो. कोमेसला तो नसतो, फारफार तर एखादी पुसट सावली. फोटो ५ मध्ये मी दोन्ही पंख मोठे करून पाहिले, पंख ताजे आहेत, कडेची झालर शाबूत आहे, म्हणजे झिजून डाग गेला असं म्हणता येत नाही, आणि डाग नाहीये. शिवाय ऑर्बोना पण प्रोनुबासारखा अरुंद दिसतो, हा चांगला रुंद आहे.

जागेचाही विचार करा. जर्मनीत कोरड्या, उघड्या जमिनीवर तो तुम्हाला भेटत असेल, पण ब्रिटनमध्ये ऑर्बोना दुर्मिळ आहे, मुख्यतः ईस्ट अँग्लियातल्या ब्रेकलँडच्या वालुकामय माळरानांवर. लेस्टरच्या किचनमध्ये येणारच नाही असं मी म्हणत नाही, पण आला तर पुरावा भक्कम लागेल.

कोमेस स्वतः पण कमी बहुरूपी नाही. करडा, मातकट, विटकरी असे सगळे प्रकार, आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडे कर्टिसी नावाचा गडद लालसर प्रकार मिळतो, तो पहिल्यांदा बघणाऱ्याला ही वेगळीच जात वाटते.

राईनकाठी
झूम करून पाहिलं. डाग नाही हे मान्य. तरी मागचा पंख बघितल्याशिवाय मी सही करणार नाही, पाचवा कशावरून छोटा प्रोनुबा नाही?

दिवाबत्ती
रास्त आहे. अर्धाकप ताई, पुन्हा तसा आला तर असं करा. पारदर्शक डबीत घ्या, दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझर नाही!). थंड झाला की सुस्त होतो. बाहेर काढून टेबलावर ठेवा आणि कॅमेरा तयार ठेवून बघत राहा. उडण्याआधी अंग तापवायला हा पंख थरथरवतो, त्या वेळी पुढचे पंख जरा फाकतात आणि मागचे दिसतात. फोनवर व्हिडिओ काढा आणि नंतर एकेक फ्रेम थांबवून बघा, ते फोटोपेक्षा सोपं. हाताने पंख ओढायला जाऊ नका, बोटाला जी भुकटी लागते ते त्याचे खवले असतात आणि सगळी नक्षी त्या खवल्यांतच असते.

सप्टेंबरपर्यंत थांबलात तर असेच खवले झडलेले, फाटके पतंग जास्त येतील आणि तेव्हा काळा डाग सुद्धा कधीकधी निघून गेलेला असतो, मग माझ्यासारख्याला पण ‘नॉक्चुआ, जात अनिश्चित’ लिहून गप्प बसावं लागतं.

हॅलिफॅक्सवाली
अगं हे तर आमच्याकडे पण आहेत! कॅनडाचे नाहीतच ना मुळात? आमच्या नोव्हा स्कोशियात १९७९ मध्ये पहिल्यांदा सापडले, युरोपातून कसे तरी आले आणि मग पार कॅलिफोर्नियापर्यंत पोचले. अळीला इकडे विंटर कटवर्म म्हणतात कारण ती ऐन हिवाळ्यात सुद्धा, जरा ऊब आली की हिंडायला लागते, बर्फावर चालताना लोकांनी पाहिलीये. माझ्या लॉनची वाट लावलीये, गवत बुडापासून खातात.

साबुदाणा
म्हणजे आपल्याकडचा कटवर्म तो हाच का?

टेकडीवरचा_वारा
नात्यातला, तोच नव्हे. आपल्याकडे हरभऱ्याची रोपं रात्रीत आडवी करणारी ती ॲग्रॉटिस इप्सिलॉन, ती युरोपातही असते. प्रोनुबाच्या अळीचे पण दोन रंग असतात, हिरवी किंवा तपकिरी, म्हणजे इथेही रंगाचा उपयोग नाही. पाठीवर दोन्ही बाजूंना काळ्या रेघोट्यांची एक-एक ओळ आणि त्याला लागून फिकट कडा, ते बघायचं. दिवसा मातीत वेटोळं करून पडलेली असते.

मादी अंडी पण ढिगाने घालते, पानाखाली नीट ओळीत लावलेली शेकडो अंडी, कधी जाळीवर नाहीतर तारेवर सुद्धा. म्हणून तर एवढे दिसतात.

दिवाबत्ती
एवढे म्हणजे किती ते ट्रॅपवाल्याला विचारा. आम्ही ट्रॅपमध्ये अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवतो, पतंग त्यांच्या खळग्यांत शांत बसावेत म्हणून. त्यात हे महाशय शिरले की एका जागी बसत नाहीत, रात्रभर धडका मारत फिरतात आणि बाकीच्या नाजूक पतंगांचे खवले उडवतात. ऑगस्टच्या सकाळी ट्रॅप उघडताना प्रोनुबाला शिव्या न घालणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

तरी एका गोष्टीसाठी मी त्यांना मानतो. वटवाघूळ शिकार शोधताना जो आवाज काढतं तो यांना ऐकू येतो, कान छातीच्या मागच्या भागात असतात आणि प्रत्येक कानात ऐकणाऱ्या पेशी फक्त दोन. ब्रिस्टल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००६ मध्ये दाखवलं की आवाज मोठा झाला, म्हणजे वटवाघूळ जवळ आलं, की या पतंगाचा कान स्वतःला वरच्या पट्टीत लावून घेतो आणि धोका टळल्यावरही काही मिनिटं तसाच राहतो. दोन पेशींत हे!

टवाळ_कार्टं
आमच्या हापिसात हजारो पेशी असलेले कान आहेत, बॉस जवळ आला तरी ऐकू येत नाही.

अर्धाकप_चहा
झालं एकदाचं! फोटो ५ मधला तो नाही (तो सोडला होता) पण तसाच रुंद, टोकाला डाग नसलेला परवा रात्री आला. फ्रिजमध्ये ठेवला, दुधाशेजारी, नवरा सकाळी चहाला उठून किंचाळला ते वेगळं. व्हिडिओतून काढलेल्या फ्रेम टाकतेय, फोटो ६. पिवळ्याच्या मध्ये काळी कोर स्पष्ट दिसतेय ना?

आणि फोटो ७ वेगळाच काहीतरी आहे. छोटा, जांभळट करडा, डोक्यामागे फिकट हिरवट कॉलर घातल्यासारखी. मागचा पंख नारिंगी पण काळा पट्टा एवढा रुंद की अर्धा पंख काळाच. हा पण पुन्हा तोच निघाला तर मी हात टेकले.

दिवाबत्ती
फोटो ६ – कोर आहे, टोकाचा डाग नाही, पंख रुंद. कोमेस. फोटो ५ पण मी कोमेसच धरतो, खालच्या बाजूने कड उचललेली आहे तिथे कोरेचं टोक जरासं डोकावतंय, आता लक्षात आलं.

राईनकाठी
६ ला माझी सही. ५ ला पण, जरा कुरकुरत.

७ मात्र मस्त मिळालाय. आकार लहान आहे आणि ती हिरवट कॉलर आहे, त्यामुळे नॉक्चुआ फिम्ब्रियाटा (ब्रॉड-बॉर्डर्ड यलो अंडरविंग) बाद. फिम्ब्रियाटाचा पट्टा पण असाच रुंद असतो पण तो प्रोनुबाएवढा थोराड, नर शेवाळी-चॉकलेटी आणि मादी फिकट खाकी. तुमचा हा लेसर ब्रॉड-बॉर्डर्ड यलो अंडरविंग, नॉक्चुआ जँथे.

आता यातली मेख ऐका. जँथे आणि जँथिना या दोघांना लोक वर्षानुवर्षं एकच समजत होते, १९९१ मध्ये वेगळे केले. संग्रहालयांच्या पेट्यांमध्ये दोन्ही एकाच लेबलखाली टाचलेले होते. फरक परत मागच्या पंखावर. जँथिनात काळा रंग पंखाच्या पुढच्या कडेने मुळापर्यंत जातो, जँथेत त्या कडेला पिवळं शिल्लक राहतं. तुमच्या फ्रेममध्ये वरच्या कडेला पिवळं दिसतंय.

दिवाबत्ती
+१. जँथिना इकडे क्वचित, बहुतेक दक्षिण किनाऱ्याला येतो. लेस्टरला जँथे, प्रश्नच नाही.

ताई, ही सगळी रेकॉर्ड्स टाका. ऑनलाइन टाकता येतात, तुमच्या काउंटीचा मॉथ रेकॉर्डर तपासतो आणि मग ती राष्ट्रीय नोंदीत जातात. जँथे आणि कोमेसला मागच्या पंखाची फ्रेम जोडा म्हणजे तो परत विचारणार नाही.

अर्धाकप_चहा
लेकीने अकाउंट काढलं पण. दोन प्रश्न आहेत. प्रोनुबाचे चार फोटो चार वेगळ्या रात्रींचे आहेत, एकच नोंद करायची का चार? आणि नर का मादी असं विचारतंय, फोटो १ फिकट आहे म्हणून ती ‘मादी’ टाकायला निघालीये.

दिवाबत्ती
प्रत्येक रात्रीची वेगळी नोंद, त्या रात्री जेवढे मोजले तेवढा आकडा. नर-मादीचा रकाना रिकामा सोडा, फोटो १ ला सुद्धा. आणि शेरा लिहायच्या जागी ‘फिकट, नक्षी नसलेला’ असं लिहायला सांगा, ते उपयोगाचं आहे.